एका सुरुंगाचे तीन धक्के

नववीच्या वर्गाला मी नऊ वर्षं अवतरंग आणि अनुतरंग शिकवले. या नऊ वर्षांत दोन्हींपैकी एकही मी स्वतः धड पाहिलेला नव्हता. पुस्तकात दोन आकृत्या होत्या. एकीत दोरी वरखाली हलत होती, दुसरीत स्प्रिंग आकसत आणि पसरत होती. मी त्या फळ्यावर काढायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची. अवतरंगात माध्यमाचे कण तरंगाच्या दिशेशी काटकोनात हलतात, अनुतरंगात ते तरंगाच्या दिशेनेच पुढेमागे हलतात. ही दोन वाक्यं मी झोपेतून उठवलं तरी म्हटली असती. शाळेच्या प्रयोगशाळेत स्प्रिंग नव्हती. दर जूनला मी ती मागणीपत्रात लिहायचे आणि आलाच तर आम्हाला बेडकाचा सांगाडा यायचा. असे चार सांगाडे कपाटात जमले होते.

आम्ही तेव्हा नवीन पनवेलला, खांदा कॉलनीत राहायचो. नवरा तळोज्याच्या एका कारखान्यात होता, माझी शाळा सकाळची. चार मजली इमारतीत सगळ्यात वरचं घर आमचं. इमारतीतले सगळेच कुठून कुठून आलेले होते, कोणी दादरहून, कोणी साताऱ्याहून, आम्ही पुण्याहून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक टेकडी दिसायची. राहायला आलो तेव्हा ती हिरवी होती. तीन-चार वर्षांत तिचा एक अख्खा गाल कापून निघाला. तिथे दगडाची खाण सुरू झाली होती आणि रोज दुपारी चारला सुरुंग उडायचा.

त्याची सवय होते. चारच्या सुमारास पायाखालून हलका धक्का यायचा, मग मांडणीवरची ताटं खडखडायची, मग खिडक्यांच्या काचा वाजायच्या. बायका बोलता बोलता थांबायच्या, सगळं वाजून झालं की पुढचं वाक्य सुरू करायच्या. पाहुणे आले तर आधीच सांगून ठेवावं लागायचं. माझी सासू पहिल्यांदा राहायला आली तेव्हा मी सांगायला विसरले. ती देव्हाऱ्यासमोर बसलेली होती. तिला ते वेगळंच काही वाटलं आणि पुढचे दोन दिवस ती फार प्रसन्न होती.

मग भिंतींना तडे गेले. आधी जिन्यात, मग पहिल्या मजल्यावर, मग आमच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या कोपऱ्यातून वर तिरपा. सोसायटीचे सेक्रेटरी तळमजल्यावर राहायचे. मुंबईतल्या एका कचेरीत पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. सरळ माणूस, पण कागदावर आल्याशिवाय कुठलीच गोष्ट घडली असं मानायचे नाहीत. त्यांनी एक लांबट रजिस्टर आणलं, रेघा मारल्या आणि रोज चार वाजता दारात खुर्ची टाकून बसायला लागले. तारीख, वेळ, सुरुंगांची संख्या, शेरा. महिनाभरात रजिस्टरात एकच आकडा दिसत होता. रोज तीन सुरुंग.

खाणीला परवाना दिवसाला एकाच सुरुंगाचा होता. सेक्रेटरींनी तो कागदही कुठूनसा पैदा केला होता.

सोसायटीची सभा भरली. तक्रार करायची यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या इमारतीत एकमत झाल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. अर्ज कोणी लिहायचा यावर सेक्रेटरी माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही लिहा. अक्षर चांगलं आहे आणि विज्ञानाच्या शिक्षिका आहात. वजन पडेल."

मी लिहिलं. 'सदर खाणीत परवान्यातील अटींचा भंग करून दररोज तीन सुरुंग उडवले जातात.' खाली चोवीस सह्या, पहिली सेक्रेटरींची, दुसरी माझी.

अर्ज गेला आणि आठवड्याभरात खाणीचे मालक स्वतः आमच्याकडे आले. त्यांना सगळे शेठ म्हणायचे. आमची कॉलनी ज्या गावांच्या जमिनीवर उभी होती त्यातल्याच एका गावचे. वडिलांची शेती होती, थोडं मिठागर होतं. जमीन गेली आणि ते दगडात आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पायात साधी चप्पल. सेक्रेटरींच्या घरी बसले. मला वरून खाली बोलावून घेतलं, कारण अर्ज माझ्या अक्षरात होता.

"बाय, हा तुमी लिवलाय?" त्यांनी अर्जाची नक्कल पुढे केली.

"हो."

"तीन सुरुंग?"

"रोज तीन," सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. "ही बघा महिन्याभराची नोंद. एक दिवस सुटलेला नाही."

शेठनी पानं उलटली, अगदी शांतपणे. मग म्हणाले, "मी खोटा बोलत नाय. येकच असतो. चार वाजता, येकच. तुमी या, तिथं उभं रावा, तुमच्या कानानं मोजा."

सेक्रेटरी म्हणाले, मी येतो. कधी ते आधी कळवणार नाही. शेठ म्हणाले, नका कळवू.

पुढच्या गुरुवारी सेक्रेटरी छत्री घेऊन रिक्षाने खाणीवर गेले. जाताना रजिस्टर माझ्या हाती देऊन गेले. म्हणाले, आज नोंद तुम्ही करा, खंड नको. चारला मी त्यांच्या दारातल्या खुर्चीवर बसले. पायाखाली धक्का आला. एक. ताटं खडखडली. दोन. मग काचा वाजल्या आणि मोठा आवाज आला. तीन. मी तारीख घातली, वेळ घातली आणि तीन लिहिलं.

पाचच्या सुमारास सेक्रेटरी परत आले. बुटांवर पांढरी धूळ होती.

"एकच केला लबाडांनी," ते म्हणाले. "मी समोर उभा होतो म्हणून. बाकीचे दोन आज दाबले. पाहिलंत, म्हणजे चोरी आहेच."

"काका, इथे तीन झाले."

"कधी?"

"चारला. तुम्ही तिथे होतात तेव्हाच."

त्यांनी रजिस्टर पाहिलं. माझंच अक्षर. मग ते म्हणाले, "मग दुसरी खाण असणार. मागच्या बाजूला." मागच्या बाजूला खाडी होती. ते त्यांनाही ठाऊक होतं, पण तो विषय तिथेच थांबला.

दुसऱ्या दिवशी नववी ब वर तरंगाचाच धडा होता. हे मुद्दाम जुळवून सांगते आहे असं वाटेल, पण वर्षाचं नियोजन जूनमध्येच होतं आणि तो धडा तेव्हाच यायचा. एका मुलीला मी वाचायला उभं केलं होतं. तिने वाचलं, "घन पदार्थांतून अवतरंग व अनुतरंग दोन्ही जाऊ शकतात. वायूतून मात्र फक्त अनुतरंग जातात." आणि ती पुढच्या परिच्छेदाकडे वळली.

"थांब," मी म्हटलं. "परत वाच."

तिने परत वाचलं. मी तिला तिसऱ्यांदा वाचायला लावलं. काही तरी चुकतंय असं वाटून ती रडवेली झाली. मी तिला बसवलं आणि तास संपेपर्यंत वर्गाला उत्तरं पाठ करायला सांगितली. जमिनीतून दोन, हवेतून एक. सुरुंग एकच होता. तो आमच्याकडे तीन वेळा पोचत होता. आधी जमिनीतून ढकलत येणारा अनुतरंग, तो सगळ्यात वेगवान. त्याच्यामागून जमीन आडवी हलवणारा अवतरंग, तो सावकाश. आणि सगळ्यात शेवटी हवेतून रमतगमत येणारा आवाज. नऊ वर्षं मी हे मुलांकडून पाठ करून घेत होते आणि रोज चारला ते माझ्या ओट्याखालून जात होतं. तरी सही करून मी लिहून दिलं होतं, तीन सुरुंग.

घरी आले ती पिशवीत खडूंचा डबा घेऊनच. ओट्यावर सहा खडू उभे केले. शेजारी परातीत पाणी ठेवलं. नवऱ्याची त्या आठवड्यात दुसरी पाळी नव्हती, तो घरी होता.

"हे काय?"

"प्रयोग."

"स्वयंपाक?"

"चारनंतर."

तो खुर्ची घेऊन येऊन बसला. चार वाजून दोन मिनिटांनी परातीतल्या पाण्यावर बारीक वर्तुळं उमटली. खडू उभेच होते. सेकंदभराने ओटा आडवा हलला आणि चार खडू पडले. मग मी घड्याळात बघत राहिले. एक, दोन, तीन, चार, पाच. सहाव्याला काचा वाजल्या. उभे राहिलेले दोन खडू तसेच उभे.

"खाण दोन किलोमीटरवर आहे," मी म्हटलं. आवाजाला सहा सेकंद लागतात म्हणजे तेवढंच अंतर भरतं.

"ते मी स्कूटरने मोजलंय," नवरा म्हणाला. "एक पूर्णांक नऊ." आणि मग पडलेल्या खडूंकडे बघून म्हणाला, "हे सगळे आडवे का पडलेत? टेकडीकडून धक्का आला तर टेकडीच्या उलट्या दिशेला पडायला हवेत ना?"

खरंच, टेकडी खिडकीसमोर होती आणि खडू डावी-उजवीकडे पडले होते. तरंग येतो एका दिशेने आणि हलवतो तिच्याशी काटकोनात. मला त्या चार खडूंकडे बघून भरून आलं. नवऱ्याने ते पाहिलं आणि चहा टाकायला उठला. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली होती.

आठ दिवस मी खडू उभे करत होते. कधी दोन पडायचे, कधी पाच. दिशा बदलली नाही. मग मी सेक्रेटरींकडे गेले आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे एकच सुरुंग," ते म्हणाले.

"एकच."

"आणि माझं रजिस्टर?"

"रजिस्टर बरोबर आहे. धक्के तीनच आहेत. फक्त वर सुरुंग लिहिलंय."

"बाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूच्या?"

मी त्यांना भिंतीतल्या तड्याबद्दल सांगायला लागले. की तडा खोटा नाही, तो आडव्या हलण्यानेच जातो, तक्रार करायचीच तर सुरुंग किती यावर नाही, केवढा यावर करायला हवी. पण ते उठून आत गेले होते. काकू बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "त्यांना जरा पडू द्या आता."

आमचा अर्ज सरकारी वाटेने पुढे चालतच होता. एका शनिवारी कचेरीतून एक अधिकारी पाहणीला आले. शेठही आले. इमारतीच्या आवारात खुर्च्या मांडल्या, सगळी सोसायटी जमली. सेक्रेटरींनी रजिस्टर अधिकाऱ्यांपुढे ठेवलं आणि ते बाजूला उभे राहिले. अधिकाऱ्यांनी विचारलं, "अर्ज कोणी लिहिला?"

मी उभी राहिले. "मी लिहिला, आणि त्यात चूक आहे."

चोवीस सह्यांपैकी माझी सोडून बावीस जण माझ्याकडे बघत होते. तेविसावा माझा नवरा, तो जमिनीकडे बघत होता. मी तीन धक्क्यांचं सांगितलं. अधिकाऱ्यांनी मान डोलावली. तशी मान माझी शेवटच्या बाकावरची मुलं डोलवायची, त्यामुळे मला कळलं की काही समजलेलं नाही. दोरी नव्हती, स्प्रिंग तर नव्हतीच. मग मी म्हटलं, "दहा जणांनी एकामागे एक रांगेत उभं राहा."

कोणी हललं नाही. शेवटी नवरा उठला आणि एकटाच रांग करून उभा राहिला. त्याची दया येऊन बाकीचे आले. दुसऱ्या मजल्यावरची दोन कुटुंबं पाण्याच्या टाकीवरून वर्षभर एकमेकांशी बोलत नव्हती. त्यांचे दोन्ही कर्ते पुरुष नेमके पुढेमागे आले.

"कोणी कोणाला धरायचं नाही. हात खाली. आता शेवटच्याने पुढच्याला हलकेच ढकला."

शेवटच्याने ढकललं. पुढचा त्याच्या पुढच्यावर आपटला, तो त्याच्या पुढच्यावर, आणि सगळ्यात पुढे उभा असलेला नवरा एक पाऊल पुढे आला.

"ही हवा. हवेत ढकलणं पोचतं. हाच अनुतरंग, हाच आवाज. आता शेवटच्याने डावीकडे-उजवीकडे डोला."

शेवटचे गृहस्थ एकटेच डोलले. पुढच्यांना पत्ताही नव्हता. थोडे लोक हसले.

"हवेत कोणी कोणाला धरलेलं नाही, म्हणून आडवं हलणं पुढे जात नाही. आता प्रत्येकाने पुढच्याचे खांदे घट्ट धरा. हा झाला दगड. आता डोला."

दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ दुसऱ्यांच्या खांद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटून ते धरले. मागून डोलणं सुरू झालं आणि हळूहळू पुढे सरकत सगळी रांग सापासारखी वळली. नवरा डावीकडच्या गुलमोहराला धडकला.

"हा अवतरंग," मी म्हटलं. "याने भिंत तडकते."

तेवढ्यात शेठ खुर्चीतून उठले. मला वाटलं निघाले. ते रांगेच्या मागे जाऊन उभे राहिले, शेवटच्याच्या खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "मी खाण." आणि जोरात डोलले. पुढचे तिघे पडता पडता वाचले. मग त्यांनी अगदी हळू डोलून पाहिलं. रांग जेमतेम हलली.

"आसं हाय तर," ते परत येऊन मला म्हणाले. "मोठा लावला की तुमची भिंत धरून हलवतंय. बारका लावला तर?"

"तर कमी हलेल."

"मंग तीन बारके लावतो. थांबून थांबून. दगड मला तेवढाच मिलेल."

अधिकारी म्हणाले, "परवाना एकाचा आहे."

"तो तुमी बदला, सायेब. लोकांचाच अर्ज हाय तीन सुरुंगांचा."

हे ऐकून सेक्रेटरी आवारातून निघून गेले.

परवाना बदलून यायला दोन महिने लागले. त्यानंतर चारला, सव्वाचारला आणि साडेचारला असे तीन लहान सुरुंग उडायला लागले. प्रत्येकाचे तीन धक्के, म्हणजे दिवसाला नऊ. खडू पडायचे बंद झाले. ताटं जेमतेम किणकिणायची. आमच्या तड्याच्या टोकाला मी पेन्सिलीने खूण केली होती, तिच्यापुढे तो गेला नाही. पण इमारतीत बहुतेकांचं मत असं झालं की आधी तीन होते, बाईंनी मध्ये तोंड घातलं आणि नऊ झाले. जिन्यात भेटणाऱ्या बायका माझ्याशी बोलायच्या, पण चारच्या पुढे अर्धा तास नाही. मी दोघी-तिघींना घरात बोलावून पेन्सिलीची खूण दाखवली. त्यांनी खूण पाहिली आणि माझ्या ओट्याच्या फरशीचं कौतुक केलं.

मला वाईट वाटत होतं, पण लोकांच्या बोलण्याचं तितकं नाही. मी न बघता लिहून दिलं, याचं जास्त. शाळेत मी मुलांना सांगायचे की निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर. ते फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रंगीत खडूने लिहून ठेवलं होतं आणि फळा पुसताना तेवढा भाग सोडायला लावायचे. त्या वर्षी मी तो पुसला. नववीला त्यानंतर आवारात नेऊन, रांग लावून तरंग शिकवले. मुख्याध्यापिकांनी एकदा खिडकीतून पाहिलं आणि हा खेळाचा तास आहे का, असं विचारणारी चिठ्ठी पाठवली. मी 'विज्ञान' असं लिहून ती परत पाठवली.

सेक्रेटरी माझ्याशी दीड वर्ष बोलले नाहीत. काही काम निघालं तर घंटा वाजवून नवऱ्याला विचारायचे आणि मी दारात असले तर "आहेत का?" एवढंच. त्यांचं चुकलं असं मला कधी वाटलं नाही. महिनाभर रोज खुर्ची टाकून बसलेला माणूस तो. त्याने जे मोजलं ते खरं होतं आणि तरीही तो खोटा ठरला होता. हे मी त्यांना सांगायला हवं होतं. जिन्यात दोन-तीनदा शब्द जुळवून उभीही राहिले. दर वेळी ते भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे आणि बाजूने निघून जायचे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे टेकडीच संपत आली आणि खाण बंद झाली. शेठ इमारती बांधायला लागले. त्याच सुमारास सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका सगळ्या इमारतीला होती. आमच्या पत्रिकेवर नवऱ्याचं नाव होतं, पुढे 'सहकुटुंब' असंही होतं, म्हणून मी गेले. कार्यालय पनवेलला, गावात. शेठ पहिल्या रांगेत बसलेले होते आणि सेक्रेटरी त्यांच्या कानाशी वाकून काही सांगत होते. दोघं एकमेकांना कधीपासून एवढे ओळखायला लागले ते मला माहीत नव्हतं. शेठनी मला पाहून हात केला.

"बाय, या, बसा हितं."

सेक्रेटरींनी वर पाहिलं. मग शेजारची खुर्ची उचलून त्यांनी माझ्यासाठी सरळ केली आणि म्हणाले, "बसा. मुहूर्ताला अजून वेळ आहे." मी बसले. तिघं अक्षता मुठीत धरून समोर बघत राहिलो. जेवण चांगलं होतं.